फॅमिली आहे, साहेब!

सावंतवाडी पाहायला किती वेळ लागतो, याचं उत्तर पुण्यामुंबईच्या कुटुंबप्रमुखांनी केव्हाच काढून ठेवलं आहे : एका चहाला लागतो तेवढा. झाराप-पत्रादेवी बायपास झाल्यापासून मुंबईकरांना तर तेवढीही तोशीस उरली नाही. गाव बाजूला राहतं आणि गाडी थेट गोव्यात. आंबोलीमार्गे उतरणारी मंडळी मात्र अजून गावात अडकतात. अडकलोच आहोत तर बघून घेऊ, या उदात्त प्रेरणेवर इथलं कौटुंबिक पर्यटन उभं आहे. ‘येवा, कोकण आपलोच आसा’ हे वाचून ते येतात, आपलोच म्हटल्यावर गाडी कुठेही लावतात.

पहिला थांबा आंबोली. नाताळच्या सुटीत कड्यावरून पाण्याची करंगळीएवढी धार गळत असते. पप्पा रील पाहून आलेले असतात, तेही जुलैमधलं. ते भजीवाल्याला विचारतात, “पाणी किती वाजता सोडतात हो?” भजीवाला झाऱ्या न थांबवता सांगतो, “जूनात.”

जवळच हिरण्यकेशीचा उगम आहे. तिथल्या देवळाच्या कुंडातला एक चिमुकला मासा, शिस्टुरा हिरण्यकेशी, २०२० साली विज्ञानाला नव्याने कळला आणि २०२१ साली सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. मुलांना दाखवावं असं याहून काय असणार? पण मासा बोटभर, तोही पाण्याखाली, आणि तळून मिळत नाही. सबब चिरंजीव माकडाला वेफर्स देतात, माकड उरलेलं पाकीट स्वतःच घेतं, आणि वन्यजीवदर्शन आटोपतं.

घाट उतरला की मोती तलाव. गावाच्या ऐन मध्यावर एवढं पाणी, काठाला राजवाडा, बसायला कट्टा. गावातले आजोबा संध्याकाळी नातवंडांना घेऊन इथे फेरी मारतात, वाटेत शेंगदाण्याची पुडी, झालं. पाहुण्यांना हा तलाव पटत नाही, कारण त्याला तिकीट नाही. फुकट आहे त्यात बघण्यासारखं काय असणार? ते पाण्याकडे पाठ करून उभे राहतात, फोटो काढतात, आणि पाणी कसं होतं ते रात्री फोटोत बघतात.

राजवाड्याला तिकीट आहे, म्हणून तिथे जरा आदराने जातात. आत दरबारात कारागीर गंजिफाचे गोल पत्ते रंगवत बसलेले दिसतात. ही कला विझत आली होती. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवींनी १९७०च्या दशकात तिच्यात पुन्हा जीव ओतला. दशावतारी गंजिफात पत्ते १२०, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, त्यात राजा आणि वजीर. डाव दिवसा असेल तर उतारी रामाची, रात्री कृष्णाची. एवढी सुंदर गोष्ट ऐकल्यावर पप्पांचा प्रश्न तयारच असतो : “यात रमी बसते का?” मम्मी किंमत विचारतात आणि ऐकून शांतपणे म्हणतात, “अहो, हाताने केलेलं दिसतंय.” म्हणजे निघा.

चितार आळीत मात्र खरेदी होतेच. लाकडाची लाखकाम केलेली केळी, वांगी, सीताफळ, आंबा, अशी भरलेली करंडी. दुकानातला माणूस पांगाऱ्याचं लाकूड कसं हलकं असतं ते सांगत असतो. मुलगा विचारतो, “याला बॅटरी कुठे घालायची?” बॅटरी नाही म्हटल्यावर तो पुन्हा मोबाईलमध्ये बुडतो. करंडी तरीही घेतात, कारण ‘मुलांसाठी’ म्हणून काहीतरी घ्यायला हवं. सहलच मुळी मुलांसाठी आहे. मुलांसाठी हॉटेलात मालवणी ताट मागवून त्यांना फ्राइड राइस देतात, आणि मुलांसाठीच गोव्याला जातात.

गोव्यात काय झालं ते या सदरात छापण्याजोगं नाही.

परतीला इन्सुलीचा तपासणी नाका लागतो. तिथे हे कुटुंब प्रथमच एकजीव होतं. मम्मी पुढे, मुलं मागे नीट दिसतील अशी, आजी असल्यास खिडकीशी. काच खाली करून पप्पा गेले कित्येक किलोमीटर घोकलेलं वाक्य म्हणतात : “फॅमिली आहे, साहेब.”

साहेबांनी अशा फॅमिल्या पुष्कळ पाहिल्या आहेत. ते डिकी उघडायला सांगतात. डिकीत एका खोक्यावर चितार आळीतली करंडी ऐटीत ठेवलेली. “मुलांसाठी फळं घेतलीत,” पप्पा घाईने सांगतात.

साहेब वरचा आंबा उचलतात, टकटक वाजवतात आणि विचारतात, “डिसेंबरात हापूस?”