रोबो रोख, माणूस उधार

पुण्याजवळच्या चाकण-तळेगाव पट्ट्यातल्या मोटार कारखान्यांत हल्ली हमखास कायम होतो तो रोबो. आल्या दिवशी त्याला मालमत्ता क्रमांक मिळतो. विमा उतरतो. वार्षिक देखभालीचा करार होतो, ठरल्या तासांनी ग्रीस बदललं जातं. घसारासुद्धा धरतात, म्हणजे म्हातारपणाची तरतूद पहिल्याच वर्षी. त्याला काम शिकवणारा मात्र संध्याकाळी सहापर्यंतच्या गेटपासवर आलेला असतो.

हा शिकवणारा म्हणजे कंत्राटी रोबो प्रोग्रामर. त्यातही आपण बोलतोय तो व्हिजनवाला, रोबोला कॅमेऱ्याचे डोळे लावून देणारा. कंपनी त्याला ‘आमचा माणूस’ म्हणते ती फक्त गेटवरच्या सिक्युरिटीला फोन करताना.

गेटवर त्याच्या लॅपटॉपचा नंबर वहीत उतरतो, पेन ड्राइव्ह जमा होतो आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यांवर पुढून-मागून स्टिकर बसतात. लाइनला डोळे द्यायला बोलावलेल्या माणसाचे डोळे गेटवरच बंद. आत पोचल्यावर शिफ्ट इनचार्जचा पहिला प्रश्न, ‘‘फॉल्टचा फोटो काढून तुमच्या सपोर्टला पाठवला का?’’ दुसरा प्रश्न, ‘‘बॅकअप कशात घेतला?’’

आता रोबोला या डोळ्यांची गरज काय? मोटारीच्या कारखान्यातला पहिला रोबो, युनिमेट, १९६१ मध्ये न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात लागला. डाय कास्टिंगमधून निघालेले तापलेले भाग उचलायचं त्याचं काम. तो ठार आंधळा होता आणि त्याचं काही अडत नव्हतं, कारण भाग दर वेळी त्याच जागी यायचा. गाडीचा सांगाडा जोडतात त्या बॉडी शॉपमधला आजचा रोबोही मुळात आंधळाच. दोनशे किलोचं ओझं घेऊन तो त्याच बिंदूवर हजार वेळा येतो आणि फरक पडतो ०.०५ मिलिमीटरच्या आसपास. फक्त त्या बिंदूवर मोटारीचा दरवाजा आहे की हवा, हे त्याला कळत नाही. आणि दरवाजे ज्या रॅकमधून येतात, ती रॅक फोर्कलिफ्टने आधीच दोन-चारदा ठोकलेली असते.

म्हणून कॅमेरा. तो दरवाज्याची दोन भोकं शोधतो, ती असायला हवीत तिथून किती सरकली, किती फिरली ते मोजतो आणि तेवढी दुरुस्ती रोबोला कळवतो. कॅमेऱ्याचा एक पिक्सेल म्हणजे रोबोचे किती मिलिमीटर, हे जुळवायला ठिपक्यांची पाटी समोर धरून कॅलिब्रेशन करतात. ब्रोशरमध्ये हे सगळं ‘प्लग अँड प्ले’ असतं. ब्रोशर छापणाऱ्याने चाकणचं छप्पर पाहिलेलं नसतं.

छपरात दर काही पत्र्यांआड एक पारदर्शक पत्रा असतो, दिवसा वीज वाचावी म्हणून. दुपारी साडेतीनच्या सुमाराला त्यातून उन्हाची तिरीप उतरते, दरवाज्याच्या तेलकट पत्र्यावर पडते आणि कॅमेऱ्याला दोन भोकांच्या जागी पाच दिसू लागतात. रोबो थांबतो. लाइन थांबते. मीटिंग भरते. कॅमेरेवाल्या जपानी कंपनीला ईमेल जातो, तिथून नवं सॉफ्टवेअर येतं, ते चढवूनही भोकं पाचच. दोन दिवसांनी कुणीतरी घड्याळाकडे बघून म्हणतं, ‘‘रोज साडेतीनलाच कसं होतं?’’ असं म्हणणारा बहुधा कंत्राटी असतो. कायमवाल्यांचा साडेतीनला चहा असतो.

यावरचे उपाय पुस्तकात आहेत. लाल दिवा, जोडीला फक्त लाल उजेड आत सोडणारा फिल्टर, भोवती आडोसा. फिल्टरची मागणी तीन सह्यांवर अडकते. तोवर कुणीतरी बाहेरच्या चौकातून वाढदिवसाच्या शुभेच्छांचा उतरवलेला फ्लेक्स आणतो, दुहेरी घडी घालून सेलच्या, म्हणजे रोबोच्या कप्प्याच्या, डोक्यावर बांधतो आणि लाइन धावू लागते. जर्मन रोबो, जपानी कॅमेरा आणि त्यांच्यावर छत्र धरून हात जोडलेले भावी नगरसेवक. ऑडिटच्या दिवशी फ्लेक्स उतरतो. साडेतीनच्या आत ऑडिटरना कॉन्फरन्स रूममध्ये नेऊन बसवायचं, एवढं नियोजन पुरतं.

दुसरी गंमत गुणांची. शिकवलेल्या चित्राशी समोरचं भोक किती जुळतं, त्याचे कॅमेरा शंभरपैकी गुण देतो. प्रोग्रामर उत्तीर्णतेची रेषा ७० वर ठेवतो. महिनाअखेर येते, टार्गेट राहिलेलं असतं. प्रॉडक्शनवाले म्हणतात, जरा खाली आण. ६०. मग ५०. खरी रेषा ३५ ची, हे महाराष्ट्रात दहावी झालेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. तिथे पोचल्यावर कॅमेऱ्याला सगळीकडेच भोकं दिसतात. ग्रीसच्या डागात, वेल्डिंगच्या ठिपक्यात, तपासणीवाल्याने मार्करने काढलेल्या गोलात. रोबो पूर्ण आत्मविश्वासाने जातो आणि ग्रिपर, म्हणजे आपली पकड, दरवाज्यात घुसवतो. चौकशीत प्रोग्राममधले ३५ सापडतात. कुणी टाकले? लॅपटॉप ज्याचा, त्याने. तोंडी हुकमाचा बॅकअप नसतो.

पेन ड्राइव्ह उघडून बघितला तर हा इतिहास फाइलींच्या नावांत वाचायला मिळतो. ‘फायनल’, ‘फायनल न्यू’, ‘फायनल न्यू चालू’, ‘फायनल न्यू चालू हात लावू नये’. लाइनवर चालतो तो प्रोग्राम या चारांपैकी एकही नसतो.

गुण उतरवूनही भागलं नाही की बायपास. कॅमेरा बंद करायचा आणि रॅकपाशी एक पोरगा उभा करायचा. त्याचं काम एकच. दरवाजा हाताने सरळ करून ठेवायचा, म्हणजे आंधळ्या रोबोला तो नेहमीच्या जागी मिळेल. हा पोरगा कंत्राटदाराच्या कंत्राटदाराचा. त्याच्या रोजंदारीत दोन डोळे येतात, हात आणि अक्कल वर फुकट. उन्हाची तिरीप आली तर तो स्वतःहून मान कलती करतो, त्यासाठी जपानला ईमेल करावा लागत नाही. पाहुणे आले की त्याला खांबामागे उभं करतात आणि सांगतात, ‘‘धिस सेल इज फुल्ली ऑटोमॅटिक.’’

आता पैसा. रोबोला सहा अक्ष असतात. प्रोग्रामरच्या पैशाच्या वाटेवर सांधेही फार कमी नसतात. मोटार कंपनी लाइन बांधणाऱ्याला ऑर्डर देते, तो रोबो जोडून देणाऱ्या इंटिग्रेटरला, इंटिग्रेटर मॅनपॉवर पुरवणाऱ्याला आणि तो प्रोग्रामरला. काम वरून खाली एका फोनमध्ये पोचतं. पैसे त्याच वाटेने येताना प्रत्येक सांधा ग्रीस मागतो. ‘वरून आले की लगेच सोडतो’ हे वाक्य प्रत्येक मजल्यावर सारख्याच प्रामाणिकपणे बोललं जातं.

कायदा आहे, नाही असं नाही. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा म्हणतो की नोंदणी केलेल्या सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे, करार काहीही असो, ४५ दिवसांच्या पुढे ठेवायचे नाहीत. ठेवले तर बँक दराच्या तिपटीने चक्रवाढ व्याज. एप्रिल २०२४ पासून आयकरानेही चिमटा काढला आहे. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च वजावटीला धरत नाहीत. कायद्याला एवढे दात फुटलेले पाहून काही खरेदीवाल्यांनी लगोलग तोडगा काढला. ते पहिल्याच फोनवर विचारतात, ‘‘उद्यम नोंदणी नाही ना तुमची?’’ नसेल तर तुम्ही पात्र.

सरकारचं मात्र कुणावाचून अडत नाही. जीएसटीत नोंदणी असेल तर बिल केलं की त्यावरचे १८ टक्के पुढच्या महिन्यात भरायचे, तुमचे पैसे येवोत न येवोत. म्हणजे साखळीत सगळ्यांच्या शेवटी ज्याला मिळणार, तो सरकारला सगळ्यांच्या आधी देणार.

आणि शेवटचे दहा टक्के ‘फायनल अॅक्सेप्टन्स’नंतर. ते कधी होतं? पंच लिस्टमधले, म्हणजे राहिलेल्या कामांच्या यादीतले, सगळे मुद्दे मिटले की. पंच लिस्टमध्ये एक मुद्दा ठाण मांडून बसलेला असतो, ‘दुपारी लाइटचा प्रॉब्लेम’. छप्पर कंपनीचं, पारदर्शक पत्रा कंपनीचा, सूर्य कुणाचाच नाही. दहा टक्के प्रोग्रामरचे.

हंगाम म्हणाल तर इतरांची सुट्टी हाच याचा हंगाम. दिवाळीचं शटडाउन लागलं, कायमवाले गावाकडे निघाले की याला फोन येतो. लाइन रिकामी, कँटीन बंद. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तो सेलमध्ये बसून पॉइंट टच-अप करतो, म्हणजे रोबोचे बिंदू पुन्हा जुळवतो, आणि घरून व्हिडिओ कॉल आला तर घेता येत नाही, कॅमेऱ्यावर स्टिकर आहे.

कुंपणाची गोष्ट जरा गंभीर आहे. रोबोभोवती जाळी असते, तिचं दार उघडलं की रोबो थांबतो. बाहेरच्यांसाठी उत्तम सोय. पण पॉइंट शिकवायचा तर कुणाला तरी आत जावंच लागतं, हातात टीच पेंडंट, म्हणजे शिकवायचा रिमोट, घेऊन, ग्रिपरपासून वीतभर अंतरावर डोकं घालून. अशा वेळी रोबोचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जाऊ नये, पेंडंटमागचं बटण हातून सुटलं तर तो थांबावा आणि घाबरून करकचून दाबलं गेलं तरीही थांबावा, असे नियम आहेत. ते उगाच केलेले नाहीत. २०१५ च्या जूनअखेरीस जर्मनीत फोक्सवागेनच्या बाउनाटालच्या कारखान्यात रोबो बसवत असलेल्या एका तरुणाला त्या रोबोने लोखंडी पत्र्यावर चिरडलं. तो तरुण कंपनीचा नव्हता, बाहेरच्या कंत्राटदाराचा होता. प्राथमिक निष्कर्ष लगेच निघाला, मानवी चूक. निष्कर्ष काढण्याचं काम अजून रोबोंकडे दिलेलं नाही, तरी हा निष्कर्ष इतका झटपट कसा निघतो?

आपल्याकडे एसओपीची, म्हणजे उत्पादन सुरू करण्याची तारीख जवळ आली की दार उघड-बंद करण्यात वेळ फार जातो असा शोध लागतो. मग दाराच्या इंटरलॉकमध्ये एक जादाची चावी अडकवली जाते. यंत्राला वाटतं दार बंद आहे. आत माणूस असतो. ती चावी कुणाच्या खिशातून येते, हे सगळ्या शॉपला ठाऊक असतं. सेफ्टीच्या रजिस्टरला तेवढं कळत नाही.

रजिस्टरचं जाऊ द्या, जगाचं मोजमाप चोख आहे. रोबो मोजणारी आंतरराष्ट्रीय संस्था फ्रँकफर्टला आहे. तिच्या हिशेबाने २०२३ मध्ये भारतात ८,५१० औद्योगिक रोबो बसले, आदल्या वर्षापेक्षा ५९ टक्के जास्त. ते बसवणाऱ्यांची नोंद गेटवरच्या वहीत असते. वही भरली की रद्दीत जाते.

‘आपण पर्मनंट असतो तर ही वेळ आली नसती,’ असं या मंडळींना अधूनमधून वाटतं. त्यांनी चाकणहून तळेगावला एक चक्कर मारावी. रस्ता असा आहे की विचार करायला भरपूर वेळ मिळेल. तिथे जनरल मोटर्सने, त्याच १९६१ वाल्या, डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबवलं. २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घ्यायचा करार केला. करारात जमीन होती, इमारती होत्या, काही यंत्रसामग्री होती. पर्मनंट कामगार त्या यादीत नव्हते. ते कोर्टात आणि आंदोलनात होते. कायमपणाची खात्रीच हवी असेल, तर माणूस बोल्टने जमिनीला आवळलेला असावा लागतो.

तेव्हा कंत्राटी प्रोग्रामर बंधुभगिनींनी पर्मनंट व्हायचा नाद सोडावा आणि पुढच्या कोटेशनमध्ये एकच ओळ टाकावी, ‘अटी रोबोप्रमाणे’. म्हणजे आगाऊ रक्कम ऑर्डरबरोबर, उरलेली माल निघण्यापूर्वी. वाहतूक आणि विमा ग्राहकाकडे. आसपासचं तापमान ४५ अंशांच्या आत. ठरल्या तासांनंतर सक्तीची देखभाल, तीही कँटीन चालू असताना. वॉरंटी संपल्यावर रात्री दोनच्या फोनला वेगळा दर. छप्पर, ऊन आणि तोंडी हुकूम वॉरंटीत बसत नाहीत.

खरेदी विभाग कोटेशन वाचून म्हणेल, एवढ्यात तर आमचा आणखी एक रोबो येईल. येऊ द्या की. खोक्यातून काढून उभा केलात की फोन करा. अटी याच राहतील.