दुसऱ्या बाजूचे नाना

सातारा आणि सांगली या दोन्ही गावांत पेठेगणिक एक तरी माणूस असा असतो, की त्याच्यासमोर गाजलेल्या गाण्याचं नाव काढायची सोय नसते. आपण भाबडेपणानं "काय गायलंय हो!" एवढंच म्हणतो. तो डोळे मिटतो, अर्धवट हसतो आणि आपली कीव आल्यासारखा म्हणतो, "ते राहू द्या. त्याच रेकॉर्डच्या मागल्या बाजूला काय आहे, ऐकलंय कधी?" ऐकलेलं नसतं. कुणीच ऐकलेलं नसतं, आणि तीच तर त्याची सगळी इस्टेट.

त्यांना आपण नाना म्हणू. कुठं ते अण्णा असतात, कुठं बापू. वय सत्तरीच्या पुढं, नोकरी सरकारी, अर्धी साताऱ्यात आणि अर्धी सांगलीत झालेली. त्यामुळं साताऱ्याच्या कट्ट्यावर बसले की सांगलीचे गोडवे, आणि सांगलीला गेले की "हवा म्हणाल तर साताऱ्याची". घरात एक चावीचा फोनो आणि एक लोखंडी कपाट. कपाट लग्नात नानींच्या साड्यांसाठी आलं होतं. साड्या आता ट्रंकेत आहेत.

ज्यांनी ७८ फेऱ्यांची रेकॉर्ड हातात धरलेली नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. ही तबकडी लाखेची. प्लॅस्टिकच्या तबकड्या येईपर्यंत जगभरच्या कंपन्यांना लाख पुरवली ती मुख्यतः आपल्या देशानं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला मावायची जेमतेम तीन मिनिटं. रात्र रात्र गाणारे बुवा असोत की वन्समोअर घेऊन दमलेले नट, कंपनीच्या घड्याळापुढं सगळे सारखे. आणि तबकडीला बाजू दोन, म्हणजे दोन्ही भरायच्या. एकीवर खपेल असं पद, दुसरीवर जे हाताशी असेल ते: एखादं भजन, एखादी होरी, नाटकात कुणी टाळी न दिलेलं पद. गिऱ्हाईक पैसे मोजायचं ते पहिल्या बाजूचे. दुसरी आपली भाजीवर मिळणाऱ्या कोथिंबिरीसारखी. नानांचं आयुष्य त्या कोथिंबिरीचं कौतुक करण्यात गेलं.

नानांची खरेदी पाहण्यासारखी असते. पुण्याच्या जुन्या बाजारात ते तबकडी उचलतात आणि उन्हात तिरकी धरतात. गाजलेली बाजू पोलादी पिनांनी खरवडून राखी झालेली. लेबलावर, मधल्या भोकाभोवती, बारीक पांढऱ्या रेघांचं जाळं; अंधारात, घाईत, चार पाहुणे समोर बसलेले असताना फोनोचा खिळा चाचपडून तबकडी बसवली की एकेक रेघ उठते. या रेघांवरून रेकॉर्ड किती वाजली याचा अंदाज नाना बांधतात. मग उलटी करतात. मागली बाजू काळीभोर, चकचकीत, लेबलावरचा कुत्रा काल बसवल्यासारखा. त्या काळ्या आरशात नाना आधी आपली मिशी नीट करतात आणि मग म्हणतात, "हिच्यावर अन्याय झालाय." पहिली बाजू खराब म्हणून दुकानदार भाव पाडतो. पहिली बाजू खराब म्हणूनच नाना ती घेतात. दोघंही आपण दुसऱ्याला फसवलं या समाधानात घरी जातात. बाजारात इतका निर्मळ व्यवहार मी दुसरा पाहिलेला नाही.

त्यांच्या ओळखीत एक जुना लाऊडस्पीकरवाला आहे. गावोगावच्या लग्नांत आणि जत्रांत त्यानं कर्णा बांधलेला. नानांनी त्याला एकदा खडसावून विचारलं, "अहो, एवढ्या वर्षांत एकदा तरी मागली बाजू लावायची नाही का?" तो म्हणाला, "लावली हुती की. वरातीतलं घोडं बसलं खाली." नानांनी याचा अर्थ असा घेतला, की घोड्याला गाण्याची समज होती.

१९६३ साली सांगलीला आकाशवाणीचं केंद्र झालं. नाना तेव्हा शाळेत होते. पुढं हातात पोस्टकार्डाचे पैसे खुळखुळू लागल्यावर त्यांनी रेडिओच्या फर्माइशी कार्यक्रमांना पत्रं लिहायचा सपाटा लावला. गाण्याचं नाव ते लिहीत नसत. गाजलेल्या गाण्याचं नाव लिहून पुढं एवढंच: "वरील रेकॉर्ड कृपया उलटून लावावी."

यावरून नानांचं प्रेम गाण्यावर आहे असं कुणी समजेल. तसं नाही. प्रेम आहे ते दुर्लक्षावर. याचा पुरावा त्यांच्या पुण्यातल्या नातवानं नकळत पुरवला. आजोबांना खूष करावं म्हणून त्यानं मोबाईलवर शोधून सांगितलं, की परदेशातही मागल्या बाजूंनी पराक्रम केलेत. बिल हेलीचं 'रॉक अराउंड द क्लॉक' हे १९५४ साली मागल्या बाजूलाच निघालं होतं. ग्लोरिया गेनरचं 'आय विल सर्व्हाइव्ह' १९७८ साली आलं तेही मागच्या दारानं. कंपनीनं पुढं केलेलं गाणं होतं 'सब्स्टिट्यूट'. नाना ऐकत होते. नातवाला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येणार. नाना म्हणाले, "म्हणजे मागली गाजली?"

"गाजली म्हणजे काय आजोबा! जगभर!"

"मग पुढलीकडं आता कोण बघतं?"

"कुणीच नाही."

त्या दिवसापासून नाना 'सब्स्टिट्यूट'चे भक्त आहेत. इंग्रजी त्यांना फारसं कळत नाही, पण तिच्यावर अन्याय झालाय एवढं कळतं. बीटल्सनी १९६७ साली 'पेनी लेन' आणि 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' ही दोन्ही गाणी पहिलीच बाजू म्हणून काढली, हे ऐकून मात्र ते उखडले. "हा भ्याडपणा आहे," म्हणाले.

खरी पंचाईत होते ती ख्यालाच्या रेकॉर्डींची. पुष्कळदा एका बाजूला विलंबित आणि उलटून दुसऱ्या बाजूला त्याच रागातली द्रुत चीज असते. नाना द्रुतपासून सुरुवात करतात. समेवर टाळी देऊन होते, तान संपते, घाम पुसून होतो आणि मग गवई संथपणे राग उलगडायला बसतो. मिरजेला अब्दुल करीम खाँसाहेबांची समाधी आहे. खाँसाहेब १९३७ साली गेले. तिथं जाऊन हात जोडणारे नाना मनात काय बोलत असतील, हा विचार करवत नाही.

एकदा ही नजर बसली की ती रेकॉर्डीपुरती राहत नाही. बालगंधर्वांचं म्हणून ओळखलं जाणारं नागठाणे पलूस तालुक्यात आहे. तिथं रसिक श्रद्धेनं जातात. साताऱ्याजवळ हायवेला आणखी एक नागठाणे आहे. नाना त्या नागठाण्याचे. त्या गावाचा बालगंधर्वांशी काही संबंध नाही, आणि नेमकं तेच नानांना मोलाचं वाटतं. पाच नोव्हेंबरला सांगलीत रंगभूमी दिन साजरा होतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, हे वक्ता सांगत असतानाच मागल्या रांगेतून आवाज येतो, "मग दुसरं नाटक कुठलं?" वक्ता चाचरतो. ते नानांनाही ठाऊक नसतं, पण विचारण्याचा मान त्यांचा. दीनानाथांच्या सांगलीतल्या बिऱ्हाडाचा विषय निघाला की लोक लतादीदी, आशाताई असं म्हणत जातात. नाना मीनाताईंपाशी ठाण मांडून बसतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात पेढे वाटले गेले. पेढा तोंडात टाकून नाना म्हणाले, "आणि भोपळा? तो पिकवणाऱ्याचं नाव कुणी घेतलं का?" (इथं मात्र नानांचं मला मनापासून पटतं.) कासच्या पठारावर सप्टेंबरात फुलं बघायला झुंबड उडते. नाना मे महिन्यात जाऊन येतात. काय पाहिलं, विचारलं तर म्हणतात, "गर्दी नव्हती."

नानींनी हे सगळं सोसलं असं लिहिण्याची पद्धत आहे, पण ते खरं नाही. नानी हुषार आहेत. सुरुवातीला पुरणपोळी केली की नाना कटाच्या आमटीची तारीफ करायचे. कटाची आमटी मनापासून केली, तर "ती काय, सगळेच वाखाणतात. कुरडई बघा." मग नानींना किल्ली सापडली. जे संपवायचं असेल त्याची त्या आधी निंदा करून ठेवतात. "कालची मटकीची उसळ राहिलीय बाई. कुणी हातसुद्धा लावला नाही," एवढं स्वयंपाकघरातून मोठ्यानं म्हणायचं. दहा मिनिटांत पातेलं घासायला मोकळं.

कॅसेटपर्यंत नाना तगले. तिला 'ए' आणि 'बी' अशा बाजू होत्या, आणि पेन्सिल घालून नाना थेट 'बी'च्या शेवटच्या गाण्यापर्यंत फीत गुंडाळत. सीडी आली तेव्हा मुलानं मोठ्या हौसेनं भेट दिली. नानांनी ऐकली आणि उलटून लावली. यंत्रानं ती बाहेर काढून दिली. पुन्हा लावली, पुन्हा बाहेर. या यंत्राला मागली बाजू नसते, तिथं नुसतं चित्र असतं, हे कळल्यावर त्यांनी ती सीडी नेऊन पेरूच्या झाडाला कबुतरं हाकलायला बांधली.

आता संग्रहातला हिरा. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला कंपन्या एकाच बाजूला गाणं भरत. मागं गुळगुळीत लाख किंवा देवदूताचा ठसा. अशी एक तबकडी नानांना मिरजेच्या एका जुन्या वाड्यात मिळाली. पुढं कुणा बाईंचं गाणं आहे म्हणे, पण ते नानांनी ऐकवलेलं नाही. ते ऐकवतात मागली बाजू. नवी पिन लावतात, किल्ली देतात, पिन हलकेच टेकवतात. खर्रर्र. पिन भलतीकडं घसरत जाते, देवदूताच्या पंखाला अडखळून उडी मारते. पाहुणा बशीत चहा ओतायचा थांबतो. "शंभर वर्षांत कुणी ऐकलेली नाही," नाना कुजबुजतात. आलेल्यानं मान डोलवायची असते, आणि तो डोलवतो, कारण पोहे अजून यायचे असतात.

गेल्या दिवाळीत मिरजेचे एक गृहस्थ फराळाला आले. त्यांनीही ती खरखर शेवटपर्यंत ऐकली, डोळे पुसले आणि म्हणाले, "नाना, अगदी हीच बाजू माझ्याकडं आहे. आम्ही चार-पाच जण दर शनिवारी जमून ऐकतो."

पुढच्या रविवारी गेलो, तर फोनोवर त्या बाईंचं गाणं चालू होतं. नाना डोळे मिटून बसले होते. "ही पुढली बाजू," म्हणाले. "हल्ली हिच्याकडं कुणाचं लक्षच नाही हो."