पादसौंदर्य आणि पादोपचार : वैभववाडी तालुक्यापुरती मार्गदर्शिका

पेडिक्युअर म्हणजे पाय भिजवणे, घासणे, नखे कापणे, तेल चोळणे आणि हे सगळे झाल्यावर पैसे देणे. यांपैकी पहिल्या चार क्रिया वैभववाडी तालुक्यात पूर्वापार चालत आल्या आहेत. पाचवी अलीकडची असून तिच्याबाबत जुन्या पिढीचे मत अजून ‘पाय धुवक पैशे कित्याक?’ या प्रश्नापाशीच थांबलेले आहे. पेडिक्युअरचे दोन प्रकार मानले जातात, सौंदर्यासाठीचा आणि उपचारासाठीचा. पहिला लग्नाच्या आदल्या आठवड्यात करतात, दुसरा चालता येईनासे झाल्यावर. या दोन प्रसंगांच्या मध्ये जी पंचवीस-तीस वर्षे जातात, त्या काळात पाय हा अवयव असल्याचे फारसे कोणाच्या लक्षात राहत नाही.

एका पायात घोट्याखाली २६ हाडे असतात. तळव्याच्या कातडीत घामाच्या ग्रंथी भरपूर, पण तेलाच्या ग्रंथी मुळीच नाहीत. बाकीच्या बहुतेक अंगाला निसर्ग आतून तेल पुरवतो. तळव्याला ते बाहेरून मिळवावे लागते. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत उरकतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर पाय कुजतात आणि होळीपासून पुढे फुटतात. सर्व ऋतूंना चालणारा एकच पेडिक्युअर सांगणारी पुस्तके घाटावर लिहिली गेली असावीत.

साहित्यापासून सुरुवात करू. पार्लरमध्ये टाच घासायला प्युमिस नावाचा ज्वालामुखीतून आलेला, सच्छिद्र, वजनाला हलका दगड वापरतात. कोकणातल्या न्हाणीत हे काम जांभा करतो. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली मलबारच्या प्रवासवर्णनात या दगडाला ‘लॅटराइट’ हे नाव दिले, पण टाच घासण्याच्या कामी त्याची नोंद घेतली नाही. न्हाणीच्या कडेचा चिरा वर्षानुवर्षांच्या टाचांनी एका बाजूला गुळगुळीत झालेला असतो. ती बाजू सोडून दुसरी वापरावी. सुस्थितीतल्या घरांत पूर्वी पितळेची वजरी असे. खालून खरखरीत, वर मोर किंवा हत्ती, आणि पोकळ पोटात खडे, म्हणजे घासताना खुळखुळ वाजावी. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशा वजऱ्या काचेआड ठेवलेल्या आहेत. टाच घासण्याचे साधन काचेआड गेले की समाज पार्लरला तयार झाला असे समजावे.

पहिली पायरी भिजवण्याची. पार्लरच्या टबात कोमट पाणी, थोडा शाम्पू, चिमूटभर मीठ आणि वर गुलाबाच्या चार पाकळ्या असतात. पाय दहा-पंधरा मिनिटे बुडवतात. आयते गरम पाणी हवे असल्यास राजापूरजवळच्या उन्हाळे येथील झऱ्यावर जावे, मात्र तिथे पाकळ्या स्वतःच्या न्याव्यात. वैभववाडी तालुक्यात लावणीच्या दिवसांत हीच क्रिया सकाळी सुरू होते आणि दिवेलागणीला संपते. चिखलणी झालेल्या कुणग्यात पाय पोटरीपर्यंत रुततात, चिखल बोटांच्या बेचक्यांतून वर येतो आणि पाऊल उचलताना पाय सोडवून घ्यावा लागतो. शहरातल्या स्पामध्ये मातीच्या लेपाला वेगळे पैसे पडतात. इथे उलट ग्राहकाला मजुरी मिळते, शिवाय चहा आणि दुपारचे जेवण. ही सेवा जुलैनंतर बंद होते. आगाऊ नोंदणी घरमालकीण तरवा काढायच्या आदल्या संध्याकाळी वाडीत फिरून करते.

या विस्तारित उपचाराचे काही दुष्परिणाम आहेत. आठवडाभरात बोटांमधली कातडी पांढरी, फुगीर होते, मग सोलवटते, खाजते आणि रात्री आग होते. या चिखल्या. बुरशीला ओल, ऊब आणि अडचणीची जागा एवढेच लागते, आणि करंगळी व तिच्या शेजारच्या बोटामधली फट तिला विशेष मानवते. घरोघरी मेंदीचा पाला वाटून बेचक्यांत भरतात. काही घरांत हळद आणि खोबरेल. मेंदीने बोटे लाल होतात, त्यामुळे या एका उपचारात सौंदर्य आणि औषध दोन्ही पदरात पडतात. पण खरे काम करते ते पाय कोरडे करणे. कोकणात कोणीही बाहेरून आले की ‘आधी पाय धू, मगे घरात ये’ हे वाक्य पायरीवरच ऐकू येते. नियम चांगला आहे, फक्त अर्धा. पाय धुतल्यावर माणूस तसाच ओल्या पावलांनी घरात शिरतो आणि लाद्यांवर आपली वाट उमटवत चुलीपाशी जातो. पायरीवर तांब्याशेजारी एक जुने, सुती, दुसऱ्या कशालाही वापरायचे नाही असे फडके ठेवावे आणि प्रत्येक बेचके वेगळे पुसावे. दहा बोटांना आठ बेचकी. एवढे करून आठ-दहा दिवसांत फरक पडला नाही, तर बुरशीवरचे मलम डॉक्टरांना विचारून घ्यावे. मेडिकलमध्ये मागितले की मिळणाऱ्या स्टिरॉइड मिसळलेल्या ट्यूबने खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी पुढे महिनोन्‌महिने सुखाने राहते.

येथे थट्टा थोडा वेळ बाजूला ठेवावी लागते. शेतातल्या पाण्यात उंदीर-घुशींचे मूत्र मिसळलेले असते आणि त्यातला लेप्टोस्पायरा हा जंतू भेगेतून, चिखलीतून, बांधावर लागलेल्या ओरखड्यातून शरीरात शिरतो. सिंधुदुर्गात लेप्टोने माणसे दगावली आहेत. पावसाळ्यात आरोग्य खाते शेतात उतरणाऱ्यांना डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देते. त्या घ्याव्यात, फळीवर ठेवून पुढच्या वर्षाची सोय करू नये. ताप आला, पोटऱ्या हात लावू देईनात आणि डोळे लाल झाले, तर लावणी उरकेपर्यंत थांबायचे नाही. त्याच दिवशी दवाखाना.

मत्स्य-पेडिक्युअर हा प्रकार मॉलमधून परिचित आहे. तुर्कस्तानातल्या कांगल येथील गरम झऱ्यांमुळे प्रसिद्ध झालेला ‘गारा रुफा’ हा बोटभर मासा पायाची मेलेली कातडी टोचून खातो. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी त्याला बंदी घातली. कारण साधे आहे, दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये कात्री उकळता येते, मासा उकळता येत नाही. उकळला तर तो वेगळ्या व्यवसायात जातो. याच ‘गारा’ कुळातली एक जात कर्नल साइक्सने १८३९ साली दख्खनमधून नोंदवली असून ती सह्याद्रीच्या ओढ्यांत राहते. ती दगडावरचे शेवाळ खरवडून जगते. चार महिने चिखलात वावरलेली टाच आणि शेवाळलेला दगड यांत तिला फरक करता येतो का, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. व्हाळात पाय सोडून बसले की लहानमोठे मासे फुकट टोचतात, पाणी वाहते असते आणि आधीचे गिऱ्हाईक बहुधा म्हैस असते. तालुक्यातला नापण्याचा धबधबा बारमाही असल्याने ही सोय उन्हाळ्यातही आहे. मात्र तिथल्या शेवाळलेल्या कातळावर उभे राहू नये. पायांची निगा संपून मणक्याची सुरू होते.

नखे कापण्यात तांत्रिक अडचण एकच आहे, वाराची. मंगळवारी कापत नाहीत, शुक्रवारी लक्ष्मी जाते, शनिवारचे विचारूच नये, सोमवारी उपास, अमावस्येला तर प्रश्नच नाही, आणि दिवस कोणताही असला तरी दिवे लागल्यावर कापायची नाहीत. बुधवार, गुरुवार आणि रविवार उरतात, त्यांतल्या रविवारी पाहुणे येतात. या अटी सांभाळून जो मुहूर्त सापडेल त्यात नख सरळ, आडवे कापावे. कोपरे गोल कोरू नयेत. कोपरा खोल कोरला की वाढणारे नख मांसात घुसते आणि अंगठा ठणकू लागतो. पायाचे नख मुळापासून टोकापर्यंत नवे यायला बारा ते अठरा महिने लागतात, म्हणजे आज केलेली चूक पुढच्या गणपतीपर्यंत दिसते आणि चाकरमानी मंडळी ती पाहून जातात.

जोडव्यांचा मुद्दा पाठ्यपुस्तकांत आढळत नाही. पार्लरमधली मुलगी ‘वयनी, जोडवी काढा’ म्हणते. उत्तर येते, ‘नको गो, तशीच घास’. जोडव्यांखाली साबण आणि चिखल साचून तिथली कातडी ओली राहते, आणि बोट जाड झाले की चांदी रुतते. यावर तडजोड अशी, की जोडवे बोटावरच फिरवून, पुढेमागे सरकवून खालची जागा धुवावी आणि पुसावी. शास्त्रही सांभाळले जाते आणि सासूही.

टाचांच्या भेगा हा या विषयातला सर्वांत समृद्ध भाग आहे, कारण त्याचे औषध परसात पिकते. एप्रिल-मेमध्ये रातांबे फोडून सालीची आमसुले केली की बिया उरतात. त्या वाळवून, कुटून पाण्यात उकळल्या की वर चरबी तरंगते. ती थंड झाली की मुठीत दाबून अंड्याएवढे गोळे वळतात. हेच मुठेल, कोकमाचे तेल. नावाला तेल, पण साधारण चाळीस अंशांपर्यंत ते घट्टच राहते. त्यामुळे कोकणच्या उकाड्यातही वितळत नाही, आणि भेगेत भरले की मेणासारखे बसते. रीत अशी : रात्री पाय कोमट पाण्यात भिजवून, टाच चिऱ्यावर हलकी घासून, कोरडी करावी. पळीत मुठेलाचा तुकडा घेऊन चुलीच्या निखाऱ्यावर धरावा. कापसाची वात त्यात बुडवून भेगेवर थेंब सोडावा. थेंब हातावर आधी पाहून घ्यावा. हे वाक्य वगळणाऱ्यांच्या आरोळ्या शेजारच्या वाडीत ऐकू जातात. वरून जुने मोजे घालून झोपावे. शहरातल्या महाग क्रीमच्या डबीवर ‘कोकम बटर’ असे छापलेले आढळल्यास दचकू नये, तो हाच गोळा, शिकून परत आलेला. भेग खोल असेल, रक्त येत असेल, तर युरिया असलेले मलम जास्त उपयोगी पडते, आणि टाच रोज थोडी घासावी, रविवारी एकदम सोलू नये.

कुरूप म्हणजे सतत दाब पडून टणक झालेली कातडी. ते दाढीच्या ब्लेडने कापणारे गृहस्थ प्रत्येक वाडीत एक असतात आणि प्रत्येक पायाला वेगळे ब्लेड वापरावे हे त्यांना मान्य नसते. बिब्बा तापवून चटका देण्याचीही पद्धत आहे. बिब्ब्याच्या तेलाने कुरूप जाते की नाही हे सांगता येत नाही, भोवतालची निरोगी कातडी मात्र खात्रीने जाते. चपलेचा चावणारा पट्टा बदलणे हा उपाय सर्वांत स्वस्त असल्याने सर्वांत शेवटी सुचतो.

वहाणांबद्दल थोडक्यात. करूळ घाट चढून गगनबावड्यावरून पुढे गेले की कोल्हापूर, त्यामुळे कोल्हापुरी चपलेचे वेड इथे स्वाभाविक आहे. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२५ मध्ये प्राडाने तशीच चप्पल मिलानच्या रॅम्पवर आणून वाद ओढवून घेतला. पण चामडे पावसात फुगते आणि त्याला बुरशी धरते. जूनमध्ये ती माळ्यावर टाकावी आणि रबरी चप्पल काढावी. रात्री मात्र घरामागे जातानाही पायांत काहीतरी हवे आणि हातात बॅटरी हवी. फुरसे पालापाचोळ्यात बसते आणि पायाला चावते. अशा वेळी नेलपॉलिशची छटा दुय्यम ठरते.

मधुमेह असलेल्यांना वरचे काही नियम उलटे लागू होतात. त्यांच्या पायांची जाणीव हळूहळू कमी होते, म्हणून पाणी पायाने नव्हे, कोपराने पाहावे. चुलीपाशी पाय शेकू नयेत, तापवलेले मुठेल वापरू नये, कुरूपाच्या पट्ट्या लावू नयेत. चिऱ्यावर घासणे आणि अनवाणी चालणे दोन्ही बंद. रोज संध्याकाळी तळवे आरशात पाहावेत किंवा नातवाला पाहायला सांगावे. काटा रुतलेला असून दुखत नसेल, तर आनंद मानण्याचे कारण नाही. वर्षातून एकदा ग्रामीण रुग्णालयात किंवा आपल्या डॉक्टरांकडे पायांची तपासणी करून घ्यावी. डॉक्टर एक बारीक नायलॉनचा धागा तळव्याला टेकवतात आणि कळले का विचारतात. तेव्हा त्यांना बरे वाटावे म्हणून ‘होय’ म्हणू नये. तपासणीला जाताना पाय धुऊन, बेचकी पुसून जावे. नेलपॉलिश आदल्या दिवशी काढून टाकावे, कारण डॉक्टरांना नखाचा खरा रंग पाहायचा असतो.