रुखवत, कन्या आणि गावभरचे परीक्षक

शाळेत जाणाऱ्या मुलाची परीक्षा वर्षातून ठरलेल्या वेळी होते. घरी शिकणाऱ्या मुलाची रोज होते, आणि ती घेण्याचा अधिकार आमच्या नार्नूरात कुणालाही आहे. किराणावाला सुट्टे परत देताना घेतो, बसमधला कंडक्टर तिकीट देताना घेतो, दवाखान्याच्या रांगेत बसलेली बाई स्वतःचा ताप विसरून घेते. प्रश्नपत्रिका एकच. ‘काहून वं पोरी, साळंत नाही जात? मंग सतराचा पाढा म्हण बरं.’ सोळाचा कुणी विचारत नाही, अठराचाही नाही. माझा अंदाज असा, की विचारणाऱ्याला लहानपणी सतरापाशीच छडी बसलेली असते आणि तिचा हिशेब तो अजून कुणाशी तरी चुकता करू पाहतोय.

आता परीक्षेचं वेड फक्त गावालाच आहे म्हणावं, तर तसंही नाही. केंद्र सरकारने २०२३ मध्ये देशभरातले ५०० मागे पडलेले ब्लॉक निवडून त्यांना ‘आकांक्षी’ असं गोड नाव दिलं आणि आरोग्यापासून शिक्षणापर्यंत सगळ्याचे गुण मोजायला सुरुवात केली. त्यात आमचं नार्नूर होतं. २०२५ च्या नागरी सेवा दिनाला दिल्लीत पंतप्रधानांच्या हस्ते नार्नूरच्या कामाला पुरस्कारही मिळाला. म्हणजे अख्खा ब्लॉक परीक्षेला बसून पास झालेला. राहिली फक्त आमची कन्या.

ती घरी का आहे, याचं थोर कारण सांगायला मला आवडलं असतं. निसर्ग, स्वातंत्र्य, मुलाचा कल वगैरे. खरं सांगायचं तर नार्नूर आदिलाबाद जिल्ह्यात आहे, आणि पलीकडे डोंगर ओलांडला की चंद्रपूरचा जिवती तालुका लागतो, यात ते कारण आहे. १९५६ ला राज्यं वाटली तेव्हा जवळचा राजुरा तिकडे मुंबई राज्यात गेला, आम्ही आंध्रात राहिलो आणि २०१४ ला, घर एक इंचही न हलवता, तेलंगणात पोचलो. घरात मराठी, बाजारात तेलुगू, शेजारी गोंडी, त्यापलीकडे तांड्यावर बंजारा, आणि भांडण जुंपलं की सगळ्यांची उर्दू. कन्येला मराठी माध्यमात घातली तर पुढे काय, तेलुगूत घातली तर अभ्यास घेणार कोण, इंग्रजीत घातली तर उटनूरची गाडी किती वाजता, या चर्चेत एक जून गेला. पुढच्या जूनपर्यंत चर्चा संपली नाही. २०१८ च्या कायद्याने तेलंगणातल्या शाळांत तेलुगू सक्तीची झाली, ते योग्यच झालं. पण माझी तेलुगू ‘एंत?’ आणि ‘कोंचम तग्गिंचंडी’ एवढ्यावरच थांबलेली. किती झाले, आणि जरा कमी करा. दोन्ही वाक्यं गिऱ्हाइकाची आहेत. दुकानदाराची तेलुगू मला अजून यायची आहे.

दुकानदार म्हणजे मी. रुखवताच्या वस्तू करून विकतो. पुरुषमाणूस दिवसभर अंगणात बसून सुपारीच्या नवरीला जरीच्या फितीचा शालू नेसवतो, हे गावाने आधी हसून आणि मग सवयीने मान्य केलं आहे. बायको सरकारी दवाखान्यात नर्स आहे. पगार तिचा, सुपाऱ्या माझ्या. अख्ख्या सुपारीचा नवरदेव, मण्यांच्या मुंडावळ्या, काळ्या दोऱ्याच्या शेंडीचा भटजी, पाच वाजंत्री, शिवाय मण्यांची तोरणं, क्रोशाची आसनं, ताटाभोवती मांडायच्या मोत्यांच्या महिरपी. कापसाची वस्त्रमाळही करतो. आदिलाबाद जिल्ह्यात राहून कापसाला हात लावायचा नाही म्हणजे अतीच झालं.

घरी शिकवायचं ठरल्यावर मी रीतसर वेळापत्रक करून भिंतीवर लावलं होतं. नऊला गणित. बरोबर नऊला गिऱ्हाईक येतं. दहाला भाषा. दहाला डिंक वाळायच्या आत पाच वाजंत्र्यांना फेटे बांधायचे असतात. वेळापत्रक अजून भिंतीवर आहे. त्याच्या खिळ्याला आता तोरणं अडकवतो.

परीक्षकांमध्ये सर्वांत ज्येष्ठ माझी ताई, म्हणजे कन्येची आत्या. आत्या या नात्याचं वजन आमच्या गावाला नव्याने सांगायला नको. पौष पौर्णिमेला नार्नूरला खामदेवाची जत्रा भरते. तोडसम कुळातली मंडळी घरी काढलेलं तिळाचं तेल देवाला वाहतात आणि कुळातली एक आत्या ते तेल सगळ्यांदेखत पिते. घोट दोन घोट नव्हे, दोन किलोच्या आसपास. आणि हे व्रत तिने सलग तीन वर्षं करायचं असतं. कन्येने ते श्रद्धेने पाहिलं आणि त्यानंतर कितीतरी दिवस स्वतःच्या आत्याकडे मोठ्या अपेक्षेने बघत राहिली. आमची ताई फक्त चहा पिते, तोही बिनसाखरेचा. पण सगळ्या विषयांची परीक्षा एका बैठकीत घेते.

‘दहावीचं काय करणार आहेस?’ ताईने मला विचारलं.

मी सांगितलं, राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. चौदा पूर्ण झाले की तिथून दहावीला बसता येतं.

‘बसता येतं. उठून पुढे कुठे जायचं?’

मी मुंबईच्या मालविका जोशीचं उदाहरण दिलं. सातवीनंतर आईने तिला घरी शिकवलं, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने पदकं मिळवली, आणि दहावी-बारावीचा दाखला नसतानाही २०१६ मध्ये तिला एमआयटीत प्रवेश मिळाला.

‘एमआयटी? मग काय, पुणंच तर आहे,’ ताई म्हणाली. ‘जवळ आहे.’

मी अमेरिका असं पुटपुटलो, पण तोवर ती पोळ्यांकडे वळली होती. म्हणून मी जरा मागे गेलो, थेट १८७८ सालात. पंडिता रमाबाईंना आईने घरी, रानात, यात्रांच्या वाटेवर शिकवलं. त्या कुठल्या शाळेत गेल्या नाहीत, तरी कोलकात्याच्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ अशा पदव्या दिल्या. हे सगळं मी बऱ्यापैकी आवेशात सांगितलं.

ताईने शांतपणे ऐकलं. ‘त्यांच्या आईला संस्कृत येत होतं,’ ती म्हणाली. ‘तुला काय येतं?’

मी हातातल्या सुपारीला डोळे काढत राहिलो.

गणिताचं म्हणाल, तर पुस्तकातले आंबे, पेरू आणि टाकीत भरणारे नळ कन्येला कधीच पटले नाहीत. एका नळाने टाकी भरत असताना दुसरा नळ कुणी आणि का उघडा ठेवला, हा तिचा प्रश्न रास्त आहे. त्यामुळे मी तिला आपल्या धंद्याचंच गणित घातलं. सुपारीचा पूर्ण लग्नसोहळा चारशेला विकला. सामान एकशे साठचं. करायला दहा तास. तिने पाटीवर मांडलं: नफा दोनशे चाळीस, तासाला चोवीस, आठ तासांचा दिवस धरला तर एकशे ब्याण्णव. उत्तर बरोबर होतं, मी शाबासकीही दिली. पण शाबासकीने तिचं भागलं नाही. तिने आईचा मोबाइल घेऊन शोधाशोध केली आणि तासाभराने जाहीर केलं, ‘बाबा, रोजगार हमीत २०२५-२६ चा तेलंगणाचा रोज तीनशे सात आहे. तुम्ही एकशे पंधरा रुपये मागे आहात.’ मग थोडं थांबून, माझ्या भल्याचं सुचवावं तशा स्वरात, ‘महाराष्ट्रात तीनशे बारा आहे. जिवतीला गेलात तर आणखी पाच सुटतील.’

बायको दवाखान्यातून आल्यावर तिला हे उदाहरण पुन्हा सोडवून दाखवण्यात आलं. तिने ते वहीत उतरवायला लावलं.

आता लिपीची गोष्ट. ही सांगितल्याशिवाय नार्नूर पुरं होत नाही. आमच्याच मंडलातल्या गुंजाला गावात गोंडी भाषेची, वेगळ्याच लिपीतली जुनी हस्तलिखितं सापडली. त्यातलं काही १७५० च्या सुमाराचं मानलं जातं. हैदराबादच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी, गावातल्या वाचू शकणाऱ्या जाणत्यांना हाताशी धरून, ती लिपी उलगडली आणि २०१८ मध्ये ‘गुंजाला गोंडी’ या नावाने तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली. जगातल्या सगळ्या संगणकांना आता आमच्या मंडलातलं एक गाव ठाऊक आहे. ज्या नार्नूरच्या मंडलात ते आहे त्या नार्नूरचं नाव मात्र त्यांनी ऐकलेलं नाही. कन्येने त्या लिपीचा तक्ता मिळवला आणि भाषेच्या तासाला, माझ्या परवानगीने, ती त्यातले अंक गिरवू लागली. गोंडी आणि तेलुगू या बहिणी असल्यामुळे एक शिकताना दुसरी अर्धी फुकट मिळते: तेलुगूत मूडू, नालुगू, गोंडीत मुंद, नालुंग. इथपर्यंत शिक्षणाचा आनंद होता. पुढे त्यात व्यापार शिरला.

जुने कापडदुकानदार किमतीच्या चिठ्ठीवर फक्त त्यांनाच कळेल अशी खूण करत. सांगायचा भाव वेगळा, सोडायचा भाव त्या खुणेत. कन्येने सुचवलं, आपण शेवटचा भाव गुंजालाच्या अंकांत लिहू, कुणाला कळणार आहे? मला ही युक्ती इतकी आवडली की आम्ही दोघांनी एका दुपारी सगळ्या मालाच्या पाठीवर चिठ्ठ्या लावल्या. आठवडी बाजारात एक तरुण बहिणीच्या लग्नासाठी तोरण पाहायला थांबला. मी साडेतीनशे सांगितले. त्याने तोरण उलटं केलं, चिठ्ठी नीट पाहिली आणि म्हणाला, ‘भाऊ, इथं तर दोनशे लिवलंय.’

तो गुंजालाचा होता. लिपी गावातच शिकला होता.

कन्या आनंदाने उभी राहिली. ‘बाबा, यांना वाचता आलं!’ त्याने तिला अंक काढताना एक रेघ चुकते ते दाखवलं, तिने त्याच्यासमोरच दुरुस्त केलं, आणि दोघं बराच वेळ बोलत बसले. तोरण दोनशेला गेलं. लिपी जिवंत असल्याचा पुरावा मला दीडशे रुपयांना पडला. संशोधनाच्या मानाने तो स्वस्तच म्हणायचा.

माझ्या वस्तूंचे परीक्षक याहून कडक. ‘एवढ्याशा सुपारीचे चारशे?’ हा प्राथमिक प्रश्न. ‘हे तर आमची पोरगी घरीच करते’ हा माध्यमिक. त्यावर ‘मग करून घ्या’ असं म्हणायचं नसतं, हे मी बायकोकडून शिकलो. खरी परीक्षा घेतली ती तांड्यावरच्या एका बंजारा आजीने. तिच्या अंगावरच्या फेटिया-कांचळीवर आरसे, कवड्या आणि टाक्यांचं असं काम होतं की ते पाहून मी माझी तोरणं मागे सरकवली. आजीने तरीही एक उचललं, आरसा अंगठ्याने दाबला, तो हलला. पुढचा प्रश्न न विचारता तिने माझ्यादेखत टाके उसवले, कंबरेची सुई काढली आणि आरसा पुन्हा बसवला. तो आता ओढला तरी निघत नाही. त्यानंतर बाजाराच्या दिवशी आजी आमच्या पालाच्या सावलीत टेकू लागली आणि कन्या तिच्यापुढे. तो तास मी वहीत ‘कार्यानुभव’ म्हणून लिहितो. फी म्हणून आजीने दोऱ्याचं एक रीळ नेलं. विचारून नेलं असं म्हणता येणार नाही.

राहता राहिलं रुखवत. माझा माल कुठे जातो, हे उघड गुपित आहे. वधूकडचे येतात, अंधार पडल्यावर येतात, माल घेतात आणि लग्नात त्यावर चिठ्ठी लावतात: ‘चि. सौ. कां. अमुक हिने स्वहस्ते तयार केलेले’. परीक्षा न घेता मुलगी द्यावी-घ्यावी अशी आपली रीत नाही, आणि या परीक्षेत कॉपी पुरवणारा या सीमेवरचा सर्वांत भरवशाचा माणूस मी आहे. जिवतीकडच्या अशाच एका लग्नाला आम्ही सहकुटुंब गेलो. रुखवतापुढे गर्दी होती. वरमाय भटजीची सुपारी हातात घेऊन विहिणीला म्हणाल्या, ‘मुलगी हाताची गुणाची दिसते हो.’

‘त्याचा डावा डोळा मी काढलाय,’ कन्या म्हणाली. ‘बाबांचा हात हलला होता.’

मांडवात बँड वाजत होता, तो नेमका त्या वेळी थांबला होता. वधूच्या आईने माझ्याकडे पाहिलं. मी नवरदेवाच्या फेट्याकडे पाहिलं. बायकोने कन्येच्या तोंडात जिलबी घातली. जेवणं उरकल्यावर मात्र वराकडची एक मावशी मांडवाच्या मागे मला गाठून गेली. तिच्या मुलीचं वैशाखात होतं. पूर्ण सेट हवा होता, वाजंत्री सात. आगाऊ पैसे तिथेच दिले. अट एकच घातली, ‘तुमची पोरगी तेवढी लग्नाला आणू नका जी.’

तेव्हा तुळशीच्या लग्नानंतर ज्यांच्या घरी कार्य आहे, त्यांनी मागणी आत्ताच नोंदवावी, कारण सुपारीच्या भटजीला शेंडी वाळायला वेळ लागतो. तोरणाच्या पाठीवरचा आकडा वाचता आला तर त्या भावात मिळेल. ‘वधूने स्वहस्ते केले’ ही चिठ्ठी हवी असल्यास तीही आमच्याकडे लिहून मिळते. अक्षर कन्येचं आहे, शुद्धलेखन आत्याने तपासलेलं आहे, आणि त्याचे वीस रुपये वेगळे पडतील.