बढती आणि वापरकर्ता

अमेरिकेतील सू सिटीच्या ओस पडलेल्या नाट्यगृहात शेतकरी पाऊल टाकीत नाहीत, ते चिखलाच्या बुटांनी उंची गालिचा बिघडेल या संकोचाने, हे हेन्री ड्रेफस या डिझायनरने दारात उभे राहून ओळखले आणि तेथे रबराची साधी चटई अंथरविली. आमचा डिझायनर मात्र उमेदवारीत वापरकर्त्याशेजारी बसतो, पहिल्या बढतीनंतर त्याच्याविषयीचे अहवाल वाचतो, दुसरीनंतर अहवाल लिहिणाऱ्यांची हजेरी घेतो, आणि मुखत्यारीचा हुद्दा लाभताच वापरकर्त्यास आराखड्याच्या मध्यभागी एका सुबक वर्तुळात यथाविधी स्थानापन्न करून सभा बरखास्त करतो. (प्रत्यक्ष वापरकर्ता भेटीस आलाच, तर प्रथम कारकुनाकडे रीतसर अर्ज करावा, असा दालनाबाहेर हुकूम आहे.)