तळमजल्यावरचे विद्वान

विद्वत्तेच्या पुस्तकाला तळमजला असतो. वर मोठ्या अक्षरांत निष्कर्ष राहतात, ऐसपैस आणि हवेशीर. त्यांच्या पायाशी एक आडवी रेघ, आणि रेघेखाली बारीक अक्षरांत दाटीवाटीनं नांदणाऱ्या तळटिपा. वरच्या मजल्यावर ‘निःसंशय’ म्हणणारा लेखक खाली उतरला की ‘बहुधा’ म्हणतो. वर तो पूर्वसूरींना वंदन करतो, आणि त्याच पूर्वसूरींनी शक चुकीचा वाचला होता हे खाली येऊन हळूच सांगतो. वर तो ग्रंथकार असतो. खाली त्याला चष्मा असतो, शंका असतात, एखाद्या जुन्या भांडणाची खपली असते आणि क्वचित, अगदी क्वचित, विनोदबुद्धीही असते. म्हणून पुस्तक हाती आलं की आधी खाली बघायची मला खोड आहे. रंगमंचावरचा नायक टाळ्या घेत असताना विंगेतल्या प्रॉम्प्टरच्या ओठांकडे बघत राहावं, तशी.

संपादनाच्या व्यवसायात या तळमजल्याशी माझा रोजचा संबंध. लेखक मंडळी वर्डमध्ये मोठ्या हौसेनं टिपा घालतात. मजकुरात इवलासा आकडा उमटतो, पानाच्या पायाशी त्याचा जोडीदार उभा राहतो, आणि मध्येच नवी टीप आली तर पुढचे सगळे आकडे सरकून जागा करून देतात. हे सौजन्य मी पंगतीतही पाहिलेलं नाही. मग ती फाईल जुळणीला जाते, जुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ओतली जाते आणि फोन येतो, “ताई, वरचं सगळं आलं. खालचं काहीच नाही आलं. लागतं का ते?” या निरागस प्रश्नात मराठी संशोधनाची शंभर वर्षं क्षणभर लटकत राहतात. लागतं, असं मी म्हणते, आणि ते वाटतं तितक्या ठामपणे म्हणवत नाही.

खालचं का येत नाही, याचं कारण मोठं मासलेवाईक आहे. वर्डची हल्लीची फाईल हे खरं तर एक गाठोडं असतं. तिच्या नावाच्या शेपटाला ‘डॉक्स’ऐवजी ‘झिप’ लावलं की ते सुटतं आणि आतले कप्पे दिसतात. मूळ मजकूर एका कप्प्यात आणि सगळ्या तळटिपा दुसऱ्याच कप्प्यात. पडद्यावर एका पानावर शेजारी दिसणारी ही दोघं मुळात एका खोलीत कधी राहिलेलीच नसतात. मजकुरातला आकडा म्हणजे त्यांच्यातला फक्त निरोप्या. एक कप्पा नेला आणि दुसरा राहिला की टिपा गेल्या. त्या दुसऱ्या कप्प्यात आणखी एक गंमत आहे. तिथे सुरुवातीलाच दोन अशा टिपा नोंदलेल्या असतात ज्या लेखकानं लिहिलेल्याच नाहीत. एक म्हणजे मजकूर आणि टिपा यांच्यामधली ती आडवी रेघ, आणि दुसरी, टीप पुढच्या पानावर वाहिली तर तिथे लागणारी रेघ. म्हणजे वरच्यांना आणि खालच्यांना वेगळं ठेवणारी भिंत कागदोपत्री खालच्यांतच मोजली जाते. याला समाजशास्त्र म्हणायचं की संगणकशास्त्र, हे मी अजून ठरवलेलं नाही.

यावर उपाय म्हणजे मॅक्रो. मॅक्रो ही एक छोटीशी आज्ञावली. तिला सांगायचं की बाई गं, एकेका टिपेपाशी जा, तिचा मजकूर उचल, तो साध्या अक्षरांत वर कंसात किंवा प्रकरणाच्या शेवटी ठेव, निरोप्या आकड्याच्या जागी साधा आकडा लिही आणि मूळ टीप मिटव. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तळमजला रिकामा होतो. मॅक्रो या जमातीचं नाव तसं फार चांगलं नाही. १९९९ साली ‘मेलिसा’ नावाचा एक मॅक्रो-विषाणू वर्डच्या फायलीत बसून ईमेलमधून जगभर फिरून आला, आणि मॅक्रो असलेली फाईल उघडली की पडदा आजही संशयानं पाहतो. पण माझी मॅक्रो घरकामातली आहे. ती कुठे जात नाही. जाते ती फक्त उलटी.

होय, उलटी. टिपा मिटवत जायच्या तर शेवटच्या टिपेपासून सुरुवात करून पहिलीकडे यावं लागतं. पहिलीपासून निघालात तर पहिली मिटल्याबरोबर दुसरी स्वतःला पहिली म्हणवू लागते, मॅक्रो दुसरीला हाक मारते तेव्हा तिसरी ‘ओ’ देते, आणि निम्म्या टिपा हजेरीतून सुटतात. म्हणून मागून पुढे. मॅक्रो चालू असताना एकेक पायरी थांबवून बघायची सोय असते. कामाची निकड नसली तर मी तशी थांबवत बघते, कारण उलट्या दिशेनं वाचलेल्या टिपांमध्ये संशोधक हळूहळू तरुण होत जातो. शेवटच्या प्रकरणातल्या टिपा दमलेल्या असतात: ‘तत्रैव’, ‘तत्रैव’, ‘उ. नि., पृ. ११२’, पुन्हा ‘तत्रैव’. मधल्या प्रकरणांत जीव येतो, वाद सुरू होतात. आणि पहिल्या प्रकरणापाशी पोचावं तर तिथे एकेक टीप अर्ध्या पानाची, ग्रंथांची पूर्ण नावं, आवृत्ती, प्रकाशनस्थळ, शिवाय ‘या विषयाचा सविस्तर परामर्श आम्ही अन्यत्र घेणार आहोत’ असं उमदं वचन. ते अन्यत्र कधी आलं नाही, हे आपल्याला ठाऊक असतं. त्या टिपेला नसतं.

मॅक्रो जिथे लिहितात त्या खिडकीला देवनागरी कळत नाही. तिथे ‘टीप’ असं लिहावं तर ती प्रश्नचिन्हं दाखवते. मग प्रत्येक अक्षराचा युनिकोडमधला क्रमांक द्यावा लागतो: ट म्हणजे २३३५, दीर्घ वेलांटी म्हणजे २३६८, प म्हणजे २३४६. आपल्या एवढ्याशा शब्दाला तिथे कैद्यांसारखे बिल्ले लावून उभं राहावं लागतं. मॅक्रोला त्यातलं काहीच समजत नाही. समजायची गरजही नसते. ती थांबत नाही, एवढाच तिचा गुण.

आणि इथे मला हटकून गणपती आठवतो. महाभारत लिहून घ्यायला व्यासांनी त्याला बोलावलं तेव्हा त्यानं अट घातली की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. लेखनिकाच्या नोकरीचा इतका नेटका करारनामा पुढे कुणी केला नसेल. मॅक्रो त्यातली पहिली अट तंतोतंत पाळते आणि दुसरी तिच्या कानावरच आलेली नाही. पण खरी मौज पुढेच आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली ती १९१९ साली. विष्णु सीताराम सुकथनकरांसारख्या संपादकांनी त्यात आयुष्य घातलं, १२५९ हस्तलिखितं पडताळली गेली आणि काम पुरं झालं १९६६ मध्ये. या आवृत्तीची पानं उघडून बघावीत. वर श्लोकांच्या मोजक्या ओळी आणि खाली पाठभेदांची अशी गर्दी, की काही पानांवर तळमजलाच इमारतीहून उंच झालेला. शतकानुशतकं पोथ्यांच्या समासात कुणी काही लिहीत होतं, पुढचा नकलकार ते मूळच समजून संहितेत घेत होता, आणि असं करता करता खालचं वर, बाहेरचं आत आलं होतं. भांडारकरच्या पंडितांनी सत्तेचाळीसेक वर्षं खपून ते पुन्हा खाली नेऊन बसवलं. त्यात गणपतीची ही लेखनिकपणाची गोष्टही संहितेतून निघाली आणि परिशिष्टात गेली. ज्यानं लिहिलं, त्यालाच ग्रंथाच्या माजघरातून उठवून मागच्या दारी बसवलं. तो रागावला नसावा. तिथे तोच एकटा असा होता, ज्याला अर्थ समजत होता.

एकनाथांची काळजीही याच जातीची. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, कारण तोवर भक्तांनी प्रेमाच्या भरात त्यात आपापलं बरंच काही घातलं होतं. समासात आनंदानं लिहिलेली ओळ पुढच्या पिढीत ज्ञानदेवांची होऊन बसते. चोरी नाही, उलट दानच, पण घेणाऱ्याला ते ठाऊक नसतं. पोथीच्या त्या नकलकारालाही मी मॅक्रोचा पूर्वज म्हणेन. फरक इतकाच, की त्याला पाठीला रग लागत असे.

टीप कुठे बसवावी यावर मोठमोठ्यांनी जीव टाकलेला आहे. गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचा पहिला खंड १७७६ च्या फेब्रुवारीत निघाला, तेव्हा त्याच्या टिपा पुस्तकाच्या शेवटी छापल्या होत्या. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम तेव्हा शेवटच्या आजारात होता. त्यानं प्रकाशकाला पत्र लिहिलं. पुस्तक आवडल्याचं कळवलं आणि विनवलं की या टिपा पानाच्या पायाशी घ्या, दरवेळी मागे जाऊन बघायचा फार त्रास होतो. त्याच ऑगस्टमध्ये तो गेला. पुढे एका आवृत्तीत टिपा खाली आल्या. जाणाऱ्या माणसाच्या अखेरच्या इच्छांबद्दल आपण पुष्कळ गंभीर ऐकलेलं असतं. पण पान उलटायचा त्रास वाचवा, ही इच्छा मला तत्त्वज्ञाच्या सगळ्या तत्त्वज्ञानाहून जवळची वाटते.

आम्ही मात्र मॅक्रो चालवतो आणि खालच्यांना वर घेतो. वर आल्यावर त्यांचं काय होतं, ते पाहण्यासारखं आहे. नुसते संदर्भ मुकाट्यानं कंसात बसतात. ‘तत्रैव’ बावरतं, खाली त्याला शेजार ठाऊक होता, वर परिच्छेदाच्या मध्यभागी ‘तिथेच’ म्हणजे कुठे, हे त्याला सांगता येत नाही. पृष्ठांकाच्या जागी ज्यांनी ‘सर्वत्र’ लिहिलेलं असतं, म्हणजे ही गोष्ट अमुक पानावर नाही, पुस्तकभर पसरली आहे, ते बेफिकीर असतात. त्यांना वर काय आणि खाली काय. सगळ्यांत हाल होतात ते कुजबुजलेल्या टिपांचे. ‘हा तर्क मला स्वतःलाही पूर्ण पटलेला नाही’ असं खाली बारीक अक्षरांत म्हणणं वेगळं, आणि तेच वाक्य भर मजकुरात, निष्कर्षाच्या मांडीला मांडी लावून बसणं वेगळं. मॅक्रोला अक्षरांचा आकार बदलता येतो, आवाजाची पट्टी नाही.

एका सेवानिवृत्त सरांचं पुस्तक असंच माझ्याकडे आलं. मोडी कागदांवरून एका परगण्यातल्या वतनांचा इतिहास. वर अत्यंत कोरडा, खाली अत्यंत कोरडा. फक्त पहिल्या प्रकरणाच्या शीर्षकावर एक तारका होती आणि तिची टीप पायाशी: दृष्टी मंदावल्यानंतर या ग्रंथातील सर्व मोडी कागद सौ.ने वाचून दाखवले व नकला केल्या, सबब ऋणनिर्देश. ‘सबब’ हा शब्द वाचून मला हसू आलं. कर्जरोख्यात शोभावा तसा. मॅक्रो शेवटून सुरू झाली, तत्रैवांच्या रांगा ओलांडत, वाद मिटवत, तरुण होत पहिल्या पानावर आली आणि तारकेपाशी थांबली. तारका म्हणजे काय, हे तिला माहीत नव्हतं. तिला मोजता येतं, आणि मोजणीत ती टीप पहिली होती. तिनं तारका पुसली आणि तिथे १ लिहिला. साहजिकच सरांची जी टीप आजवर १ होती, ती २ झाली. २ होती, ती ३. आणि मजकुरात सरांनी हातानं लिहिलेले ‘टीप १४ पाहा’, ‘टीप ३१ पाहा’ हे सगळे निर्देश एकेका घरानं मागे राहिले.

मी सरांना फोन केला. “सर, काकूंची तारका होती ना, तिला संदर्भ क्रमांक एक पडलाय. पुन्हा तारका करू का? नाहीतर पुढचे सगळे ‘पाहा’ हातानं बदलावे लागतील.”

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग सर म्हणाले, “संदर्भ म्हणून बरोबरच आहे ते. वेळ लागेल का फार?”

“लागेल थोडा.”

“मग लावा.”

“पण सर, संदर्भात गेल्या तर पृष्ठांक द्यावा लागेल. तुमचीच पद्धत आहे. काय देऊ?”

सरांनी घसा साफ केला, आणि एखादा शक ठरवून सांगावा तितक्या कोरडेपणानं म्हणाले, “लिहा, सर्वत्र.”