शेवटची कसारा

नाटकाचा विषय निघाला की ज्यांच्याकडे सगळे बघतात, असे एक गृहस्थ शहापूरच्या प्रत्येक आळीत निघतातच. बहुधा निवृत्त शिक्षक, खांद्याला शबनम, बोलताना एक हात आपोआप तालावर. गाजलेलं एकही संगीत नाटक यांनी सोडलेलं नाही. फक्त त्यातल्या एकाचाही शेवट पाहिलेला नाही.

दोष वेळापत्रकाचा. ठाण्याच्या गडकरी रंगायतनला साडेआठचा प्रयोग, तिसरी घंटा पावणेनऊला आणि शेवटची कसारा लोकल कुणाच्या तानेसाठी थांबत नाही. ती हुकली की पहाटेपर्यंत फलाट. शिवाय आसनगावला उतरून शहापूरची रिक्षा मिळवायची असतेच. म्हणून यांची खुर्ची दाराजवळची, कडेची. घड्याळाचा काटा ठरल्या जागी आला की हे उठतात. पिशवी मागच्याच्या नाकाला लागते, मागचा काहीतरी पुटपुटतो. हे त्याला हात जोडून अंधारात नाहीसे होतात.

२०१० साली ‘कट्यार काळजात घुसली’ पुन्हा रंगभूमीवर आलं, तेव्हा यांची खरी परीक्षा झाली. मूळ नाटक १९६७चं, दारव्हेकरांचं. अभिषेकींचं संगीत आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. आता त्याच भूमिकेत नातू राहुल देशपांडे आणि सदाशिवच्या भूमिकेत महेश काळे! सभागृह ‘वन्समोर’ म्हणून ओरडायचं आणि हे एकटेच कळवळून म्हणायचे, “अहो पुरे, गाडी आहे!” जुन्या काळाबद्दल यांना आदर आहे तो याचसाठी. बालगंधर्वांच्या जमान्यात वन्समोरांपायी नाटक पहाटेवर जायचं, म्हणजे प्रेक्षक सरळ पहिल्या गाडीला. “त्यांना आमच्यासारख्यांची कदर होती,” असं हे सांगतात.

नटांशी यांची सलगी मोठी. पण तीही मध्यंतरातली. प्रयोगानंतर रंगपटात जाणं यांच्या नशिबी नाही. त्यामुळे यांच्या मोबाइलमधले सगळे नामवंत अर्ध्या मेकअपमध्ये, हातात बटाटेवडा धरून, ‘आता जा’ असा चेहरा करून उभे आहेत.

मुरबाडकरांचा प्रकार वेगळा. तिकडे रेल्वेच नाही. तिची वाट बघण्यात पिढ्या गेल्या. ते आठ-दहा जण जीप ठरवून कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात येतात, त्यामुळे पूर्ण नाटक बघू शकतात. पण दिवसभराच्या कामानंतर दुसऱ्या अंकात निम्मे झोपलेले असतात. म्हणजे एका तालुक्याने शेवट चुकवला, दुसऱ्याने मधला भाग. म्हसा गावच्या जत्रेत दोघे भेटले तर एक अख्खं नाटक जमतं.

“तानसा आमच्याकडे, भातसा आमच्याकडे,” आमचे गृहस्थ तावातावाने म्हणतात. “मुंबईला पाणी आम्ही पाजतो, आणि आम्हाला मिळतं काय, तर पाऊण नाटक!” उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत हे वाक्य विशेष खपतं.

२०१५ला ‘कट्यार’चा सिनेमा आला. त्यात यांना शेवट एकदाचा दिसला, आणि यांनी तो साफ नाकारला. “नाटकात असं नाही.” नाटकात काय आहे, हे विचारायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

पुढे ‘संगीत देवबाभळी’ आलं. प्राजक्त देशमुखांचं, २०१७चं. रंगमंचावर आवली आणि रखुमाई, बस्स. आणि त्या दोघींच्या जोरावर प्रयोग शेकड्यांनी झाले. घरच्यांनी या वेळी रविवारी दुपारची तिकिटं काढली. “दुपारी नाटक बघायला मी काय पेन्शनर आहे?” असं म्हणत हे पेन्शनच्या पैशांतून तिकिटांचे पैसे देऊन मोकळे झाले.

सवयीने हे शेवटाकडे उठलेच. बायकोने सदरा धरून खाली बसवलं. पडदा पडला, टाळ्या झाल्या, पडदा पुन्हा उघडला आणि दोघी नट्या पुढे आल्या.

“अगं, संपलं ना? मग या परत कशाला आल्या?”

“नमस्कार करायला आल्यात.”

हे ताडकन उभे राहिले, उलट नमस्कार केला आणि खाली बसता बसता बायकोच्या कानात म्हणाले, “ओळखतात वाटतं.”